पिशवीतले कागद आणि घरातला फोन



गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एका आजींना पहाटे छातीत दुखू लागले. पोरांनी १०८ ला फोन लावला, गाडी आली, हिंगोलीला नेले आणि तिथून पुढे नांदेडला पाठवले. नांदेडच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी पाहिली आणि विचारले, "आजींचा आधीचा ईसीजी आहे का? हा बदल जुनाच आहे की आज झालाय, ते मला कळायला पाहिजे."

आधीचा ईसीजी होता. दीड वर्षापूर्वीच काढलेला. नातवाने घरी फोन लावला. आईने पत्र्याखाली खुंटीला टांगलेली नायलॉनची पिशवी उतरवली, चाळता चाळता पट्टी सापडली, पण तिच्यावर काहीच दिसेना. कागद पांढरा पडला होता. "अरे, तू फोटो काढला होतास ना?" आईने विचारले. नातू म्हणाला, "काढला होता आई. पण फोनात जागाच नव्हती. मागं सगळं उडवलं, त्यात गेला असंल."

फोनची जागा कशाने भरली होती ते आम्ही नंतर पाहिले. सकाळच्या शुभेच्छा, जयंतीच्या मिरवणुकीचा एकच व्हिडिओ चार ग्रुपवरून चार वेळा आलेला, कुणाच्या तरी लग्नातला नाच. असे संदेश आम्हीही पाठवतो, त्यामुळे कुणाला बोलायची सोय नाही. आजी बऱ्या झाल्या, आता चालतात-फिरतात. पण त्या दिवशी पुन्हा सगळ्या तपासण्या होईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागला होता.

तेव्हापासून आम्ही चार-पाच जण रविवारच्या वंदनेनंतर विहारात थोडा वेळ बसतो. आमच्यात एक आशाताई आहेत, एक निवृत्त गुरुजी आहेत आणि एमएस-सीआयटी झालेल्या दोन मुली आहेत. ज्यांना फोनमधले काही अडते ते येतात. तिथे वारंवार निघालेल्या गोष्टी या वेळच्या आरोग्य पानावर देत आहोत. फोन आणि टॅबची माहिती आरोग्याच्या पानावर कशाला, असे कुणी विचारील. वरचा प्रसंग त्यासाठीच सांगितला.

पट्टी पांढरी का पडली?

ईसीजीची पट्टी, सोनोग्राफीचे छोटे फोटो, मेडिकलच्या दुकानातले गुळगुळीत बिल हे बहुतेक वेळा शाईने छापलेले नसतात. तो कागदच वेगळा असतो. त्याच्यावर रसायनाचा थर असतो आणि मशीन उष्णता देऊन त्यावर अक्षरे उमटवते. म्हणून उन्हात, पत्र्याखाली, चुलीजवळ तो कागद ठेवला की अक्षरे उडतात किंवा सगळा कागद काळा पडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबून ठेवला तरी हळूहळू फिका होतो. काही जण चांगल्या हेतूने असा कागद लॅमिनेशन करून घेतात. ते तर मुळीच करू नका, लॅमिनेशनच्या मशीनची उष्णता त्याला तिथल्या तिथे काळा करते.

तेव्हा ईसीजी किंवा सोनोग्राफी ज्या दिवशी निघेल त्याच दिवशी तिचा फोटो काढायचा, आणि जमल्यास साधी झेरॉक्सही. झेरॉक्स टिकते.

फोटो काढण्यातही थोडे कसब आहे. आमच्याकडे डॉक्टरांना पाठवलेले कितीतरी फोटो असे पाहिले, ज्यात कागदापेक्षा फोटो काढणाऱ्याची सावलीच जास्त होती. कागद दारात किंवा खिडकीपाशी उजेडात जमिनीवर सपाट ठेवा. फ्लॅश बंद करा, कारण गुळगुळीत कागदावर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो आणि नेमका आकडा त्याखाली जातो. फोन कागदाच्या बरोबर वर, आडवा धरा. चारही कोपरे फोटोत आले पाहिजेत, विशेषतः वरचा नाव आणि तारखेचा भाग. नाव-तारीख नसलेला रिपोर्ट डॉक्टरांच्या उपयोगाचा नाही. फोटो काढल्यावर बोटांनी मोठा करून आकडे स्वतः वाचून पाहा. आपल्याला वाचता आले नाहीत तर डॉक्टरांनाही येणार नाहीत. गुगल ड्राइव्ह या ॲपमध्ये स्कॅन करण्याची सोय आहे, ती कागदाच्या कडा आपोआप कापून स्वच्छ पीडीएफ करून देते. दोन-तीन पानांची केस असेल तर तीच वापरा, सगळी पाने एका फाइलमध्ये राहतात.

एक्स-रेची फिल्म मात्र उजेडाकडे धरूनच दिसते. घरात टॅब असेल तर त्यावर पूर्ण पांढरे पान उघडून उजेड वाढवा आणि फिल्म त्यापुढे धरून दुसऱ्या फोनने फोटो काढा. बऱ्यापैकी येतो. पण हा फोटो फक्त फोनवर विचारण्यापुरता. दवाखान्यात जाताना मूळ फिल्म न्यायचीच.

ठेवायचे कुठे?

नुसता गॅलरीत पडलेला फोटो सापडत नाही. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाचा एक अल्बम किंवा फोल्डर करा. आजी, बाबा, धाकटी, असे साधे नाव चालते. फाइलला नाव देताना काय आहे आणि कधीचे आहे एवढे लिहा: 'आजी ईसीजी मार्च २०२५'. गर्भवती बाईच्या फोल्डरमध्ये माता-बाल कार्डाचे प्रत्येक पान असावे. दसऱ्यानंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांना तर हे फारच गरजेचे आहे. कार्ड गावी राहते आणि बाळंतपण परजिल्ह्यात येते, तेव्हा रक्तगट, हिमोग्लोबिन, झालेली इंजेक्शने हे सांगायला तोच फोटो कामी येतो. बाळाच्या लसींचेही तसेच.

आता मुख्य मुद्दा. फोन हरवतो, पाण्यात पडतो, पडून फुटतो. म्हणून एकच प्रत फोनमध्ये ठेवणे म्हणजे पुन्हा पिशवीच खुंटीला टांगणे. दुसरी प्रत हवी. गुगलच्या प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते. त्यातच ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळे मोजले जाते. सगळे फोटो तिकडे चढवू नका, जागा लगेच भरेल. फक्त दवाखान्याचे कागद ड्राइव्हवर चढवा, ते फार जागा घेत नाहीत. खात्याचा ईमेल आणि पासवर्ड घरातल्या दोघांना माहीत असावा आणि वहीत लिहून पेटीत ठेवावा. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे खाते मोबाइलच्या दुकानदाराने उघडून दिलेले असते आणि पासवर्ड फक्त त्याला माहीत असतो. फोन बदलला की सगळे गेले. ज्यांचे असे असेल त्यांनी आधी हे काम करावे.

दुसरा सोपा मार्ग व्हॉट्सॲपचा. घरातल्याच तीन-चार जणांचा एक ग्रुप करा आणि त्यात फक्त दवाखान्याचे कागद टाका, शुभेच्छा नाहीत. टाकताना फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना बारीक करते, त्यामुळे बारीक अक्षरे पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर जसेच्या तसे जाते. पुण्या-मुंबईला कामाला असलेल्या मुलाच्या फोनमध्येही आपोआप प्रत राहते.

नातवाच्या बाबतीत एक चुटपूट राहून गेली. गुगल फोटोजमधून उडवलेला फोटो लगेच नष्ट होत नाही. तो 'ट्रॅश'मध्ये जातो आणि बॅकअप चालू असेल तर ६० दिवस, नसेल तर ३० दिवस तिथे राहतो. तेवढ्या दिवसांत परत आणता येतो. त्याने उडवून अर्धे वर्ष झाले होते.

जागा मोकळी करायची तर उलट्या टोकाने सुरुवात करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आहे, त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडले की ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या दिसतात. आधी त्या उडवा. एका ताईंच्या फोनमधली निम्मी जागा तेवढ्यानेच मोकळी झाली. मग त्याच ठिकाणी 'मीडिया ऑटो-डाउनलोड' बंद करून टाका. मग समोरच्याने पाठवले तरी आपण बोट लावल्याशिवाय व्हिडिओ उतरत नाही. जागाही वाचते आणि नेटही.

पेटीतला टॅब

कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी उसनवारी करून घेतलेले टॅब अनेक घरांत आता पेटीत पडून आहेत. काच तडकलेली, बॅटरी लवकर उतरते, नवे ॲप चालत नाहीत. तो भंगारात देऊ नका. आधी एक पाहून घ्या: मागचे झाकण फुगले आहे का? बॅटरी फुगली असेल तर तो चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. दुरुस्तीवाल्याकडे देऊन बॅटरी काढून घ्या. फुगलेली बॅटरी पेट घेते.

बॅटरी ठीक असेल तर तो टॅब घराची दवाखान्याची फाइल म्हणून वापरा. मोठ्या पडद्यावर म्हाताऱ्या माणसांना आपलाच रिपोर्ट वाचता येतो. फक्त जुन्या टॅबवर बँकेचे किंवा पैसे पाठवायचे ॲप ठेवू नका. कंपनीने सुरक्षेची नवी दुरुस्ती पाठवणे थांबवलेले असते, त्यामुळे तो चोरांना सोपा जातो.

ज्येष्ठांसाठी आणखी दोन सोयी आहेत. सेटिंग्जमध्ये 'डिस्प्ले'खाली अक्षरांचा आकार वाढवता येतो. आणि ज्यांना टाइप करता येत नाही त्यांनी कीबोर्डवरच्या माइकच्या चिन्हावर बोट ठेवून मराठीत बोलावे, अक्षरे आपोआप उमटतात. कीबोर्डची भाषा मराठी करून घ्यावी लागते, एवढेच. आमच्या गुरुजींना हे कळले तेव्हापासून ते फोनशी मोठमोठ्याने बोलतात आणि शेजारी हसतात.

एक फोन, सगळे घर

वस्तीत बऱ्याच घरांत चांगला फोन एकच असतो. सकाळी तो वडिलांबरोबर कामावर जातो, संध्याकाळी मुलांच्या हाती येतो. अशा फोनमध्ये सुनेच्या तपासणीचा रिपोर्ट, मुलीच्या पाळीच्या तक्रारीचा कागद, कुणाच्या टीबीच्या गोळ्यांची नोंद सगळ्यांना दिसते. याच संकोचाने बायका फोटोच काढत नाहीत, हे आशाताईंनी आम्हाला सांगितले. त्याशिवाय आम्हा पुरुषांच्या ते लक्षात आले नसते. त्यावर उपाय आहे. 'फाइल्स बाय गुगल' या ॲपमध्ये 'सेफ फोल्डर' असते, त्याला वेगळा आकडी पिन लावता येतो. गॅलरीत तो फोटो दिसत नाही. मात्र पिन विसरला तर आतले परत मिळत नाही, आणि फोन पूर्ण साफ केला तर तेही जाते. म्हणून त्याची प्रत वेगळी असू द्या.

ऑनलाइन सेंटरवर आणि झेरॉक्सच्या दुकानात आपण कागद व्हॉट्सॲपवर पाठवून प्रिंट काढतो. ते कागद त्यांच्या फोनमध्ये तसेच पडून राहतात. प्रिंट हातात आली की तिथेच उभे राहून तो संदेश 'डिलीट फॉर एव्हरीवन' करा आणि त्यांच्या संगणकावर फाइल उतरवली असेल तर ती काढून टाकायला सांगा. सेंटरच्या संगणकावर आपले ईमेल उघडले असेल तर बाहेर पडण्याआधी लॉगआउट. व्हॉट्सॲपमधले 'लिंक्ड डिव्हायसेस' महिन्यातून एकदा उघडून पाहा. ओळखीचे नसलेले नाव दिसले तर तिथूनच बंद करा. आधारची प्रत जिथे नुसती ओळख म्हणून लागते तिथे 'मास्क्ड आधार' द्या. त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात आणि ते आधारच्या सरकारी संकेतस्थळावरून उतरवता येते.

कार्डांचा घोळ

रविवारी सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "आमच्याकडे आभा कार्ड आहे, मग ऑपरेशन फुकट होईल ना?" नाही. आभा हा १४ आकडी क्रमांक म्हणजे तुमच्या आरोग्याच्या नोंदींचे खाते आहे. केस पेपर, रिपोर्ट त्याला जोडले जातात, तेही तुमच्या संमतीने. त्यातून पैसे मिळत नाहीत. उपचाराचा खर्च भागतो तो आयुष्मान कार्ड आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून. त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण योजनेतल्या रुग्णालयात आणि योजनेत बसणाऱ्या उपचारालाच. अशा रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटायचे. रेशनकार्ड आणि ओळखपत्राचा स्वच्छ फोटो फोनमध्ये असेल तर निदान विचारपूस तरी लगेच सुरू होते, मूळ कागद मागून आणता येतात. चौकशीचा नंबर १५५३८८ आहे आणि आयुष्मानचा १४५५५. हे दोन्ही नंबर आत्ताच फोनमध्ये साठवून घ्या.

नंबर साठवा असे सांगण्यामागे कारण आहे. गुगलवर रुग्णालयाचे नाव टाकून वर आलेल्या नंबरावर फोन करू नका. तिथे चोरांनी खोटे नंबर टाकलेले असतात. पलीकडून गोड आवाज येतो, "नाव नोंदवायला फक्त १० रुपये भरा, लिंक पाठवतो." लिंक उघडली, माहिती भरली की १० रुपयांऐवजी खाते रिकामे होते. नंबर घ्यायचा तो केस पेपरवरचा.

तसेच "तुमचे आयुष्मान कार्ड बंद होणार आहे, ओटीपी सांगा" किंवा "टीबीच्या पोषण आहाराचे पैसे अडकलेत, ओटीपी सांगा" असे फोन येतात. टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये मिळतात ते सरळ बँक खात्यात. त्याला कुणी फोनवर ओटीपी मागत नाही. पैसे आले नाहीत तर आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

आमच्याच वस्तीत एका दादांच्या फोनवर लग्नपत्रिका आली. ओळखीच्या माणसाच्याच नंबरावरून. फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' होते. त्यांनी उघडली आणि फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेला; मुलीच्या बाळंतपणासाठी ठेवलेले पैसे रात्रीतून गेले. पत्रिका फोटो किंवा पीडीएफच्या रूपात येते, एपीके म्हणजे ॲप. नावाशेवटी एपीके दिसले तर उघडायचेच नाही, मग पाठवणारा सख्खा भाऊ का असेना. दादांनी लाजेपोटी दोन दिवस कुणाला सांगितले नाही आणि तिथेच मोठे नुकसान झाले. पैसे गेल्याचे कळताच १९३० ला फोन करायचा. जितका लवकर फोन जाईल तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त. मग बँकेला कळवायचे. फसवणूक करणाऱ्याने लाजावे, आपण कशाला?

फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावरून तो बंद पाडता येतो. त्यासाठी फोनचा आयएमईआय क्रमांक लागतो. *#०६# दाबा, १५ आकडे दिसतील, ते आजच वहीत लिहून ठेवा.

कुलूप असलेला फोनही बोलतो

रस्त्यात अपघात झाला, माणूस बेशुद्ध आहे, फोनला कुलूप आहे. घरच्यांना कळवणार कसे? बहुतेक फोनमध्ये सेटिंग्जखाली 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' असते. त्यात रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी, कोणता आजार, कोणती गोळी चालू आहे आणि घरच्या दोघांचे नंबर भरता येतात. कुलूप असतानाही 'इमर्जन्सी' वर बोट लावले की ही माहिती दिसते. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात सिकलसेलचे रुग्ण आढळतात. वाशीम-यवतमाळकडची सोयरीक आपल्याकडे घरोघर आहे. ज्यांना सिकलसेल आहे त्यांनी ते इथे आवर्जून लिहावे. शुगर आणि मिरगीवाल्यांनीही.

गोळ्यांचा गजर लावताना नुसता गजर लावू नका, त्याला नाव द्या: 'बीपीची गोळी, जेवणानंतर'. नाहीतर गजर वाजतो, आपण बंद करतो आणि कशासाठी होता ते आठवत नाही.

'ई-संजीवनी' या सरकारी सेवेत डॉक्टरांशी व्हिडिओवर फुकट बोलता येते. ॲप स्वतः चालवता येत नसेल तर गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी लावून देतात. साधा ताप, त्वचेची तक्रार, चालू गोळ्यांबद्दल विचारणे यासाठी ते चांगले. छातीत दुखणे, दम लागणे, साप चावणे, बाळंतपणाच्या कळा यासाठी नाही, तेव्हा १०८. रात्री झोप लागत नाही, जीव नकोसा वाटतो, असे असेल तर १४४१६ वर 'टेलि-मानस'मध्ये मोफत बोलता येते. आणि शुगर मुळापासून बरी करणारी रील पाहून चालू गोळी थांबवू नका. तशी दोन माणसे आम्ही गेल्या वर्षात दवाखान्यात पोहोचवली आहेत.

शेतात काम करणाऱ्यांनी 'दामिनी' ॲप जरूर घ्यावे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने ते केले आहे. आपल्यापासून २० ते ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर ते सांगते. मराठवाड्यात दरवर्षी विजेने माणसे आणि जनावरे जातात. इशारा आला की झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जायचे. चार्जिंगला लावलेला फोनही तेव्हा काढून ठेवायचा.

डोळे आणि चार्जर

एका खोलीच्या घरात रात्री दिवा मालवल्यावर मुले पांघरुणात टॅब पाहतात. अंधारात पडदा जवळून पाहताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे होतात, चुरचुरतात, डोके दुखते. दिवा चालू असताना, हातभर अंतर ठेवून पाहू द्या, आणि दर २० मिनिटांनी २० सेकंद दाराबाहेर लांब बघायला लावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि २ ते ४ वर्षांच्या मुलाला दिवसाला तासापेक्षा जास्त नको. कामावर जाणाऱ्या आईला हे पाळणे सोपे नाही, हे आम्हाला कळते. निदान जेवताना फोन नको, इतके तरी करा. दिवसा अंगणात खेळणाऱ्या मुलांना लांबचे न दिसण्याचा त्रास कमी होतो. फळ्यावरचे दिसत नाही असे मूल म्हणत असेल तर शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला दाखवा, थेंब विकत आणून घालू नका.

शुगर असलेल्यांना अंधूक दिसू लागले की फोनला दोष देतात. तो फोनचा नसून शुगरचा असू शकतो. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची नजर अधू झाली होती, तरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे काम चालूच होते, नानकचंद रत्तू टंकलेखन करून देत. आज वर्षातून एकदा डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी केली तर नजर वाचवता येते. ती करून घ्या.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याखाली त्याहून वर. तेव्हा उशीखाली, गादीवर किंवा खिडकीतल्या उन्हात फोन चार्ज करू नका. फरशीवर, मोकळ्या हवेत ठेवा. चार्जिंगला असताना कानाला लावून बोलू नका. लाइट जाऊन येते तेव्हा दाब कमी-जास्त होतो, म्हणून लाइट आल्यावर दोन मिनिटे थांबून मग चार्जर लावा. आठवडी बाजारातला ५० रुपयांचा चार्जर फोनपेक्षा महाग पडतो.

येत्या रविवारी येताना फोन चार्ज करून आणा आणि खुंटीवरची पिशवीही आणा. आजी येणार आहेत. त्यांचा नवा ईसीजी आता तीन ठिकाणी आहे, आणि नातवाच्या फोनमध्ये त्या स्वतः महिन्यातून एकदा तो आहे की नाही ते तपासतात.